ट्वायलाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (पोरींचे आणि त्यांच्या आयांचे)

नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात नववी-दहावीतली कुणीतरी पोरगी ट्वायलाइट बघते, मग मला जिन्यात नाहीतर पार्किंगमध्ये पकडून तेच ते प्रश्न विचारते, आणि दोन दिवसांनी तिची आई वेगळेच प्रश्न घेऊन येते. म्हणून एकदाच लिहून टाकलंय. शेवटासकट सगळं फोडलंय, स्पॉयलर चालत नसतील तर आत्ताच थांबा.

ताई, हे नक्की आहे काय? थोडक्यात सांग ना.

बेला स्वान, वय १७, फिनिक्ससारखं कडक उन्हाचं शहर सोडून वडलांकडे फोर्क्सला राहायला येते, हे वॉशिंग्टन राज्यातलं छोटंसं, कायम ढगाळ गाव. तिथे वर्गात एडवर्ड कलन भेटतो, दिसतो सतराचा पण जन्म १९०१ चा, १९१८ च्या स्पॅनिश फ्लूमध्ये मरायला टेकला होता तेव्हा डॉक्टर कार्लाइलनं त्याला व्हॅम्पायर केलं. त्याला तिच्या रक्ताचा वास सहन होत नाही आणि तिच्यापासून लांबही राहवत नाही. झालं, एवढीच गोष्ट आहे, बाकी चार पुस्तकं याच एका अडचणीवर चालतात.

कुठल्या क्रमाने वाचायचं आणि बघायचं?

पुस्तकं: ट्वायलाइट (२००५), न्यू मून (२००६), एक्लिप्स (२००७), ब्रेकिंग डॉन (२००८). लेखिका स्टेफनी मायर. पिक्चर पाच आहेत कारण शेवटच्या पुस्तकाचे दोन तुकडे केले, २००८ पासून २०१२ पर्यंत दरवर्षी एक. याशिवाय ब्री टॅनर नावाच्या एका नवख्या व्हॅम्पायर पोरीवर छोटं पुस्तक आहे (२०१०), मुलगा-मुलगी अदलाबदल केलेलं लाइफ अँड डेथ आहे (२०१५), आणि पहिलीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणारं मिडनाइट सन (२०२०). आधी मूळचे चार संपवा मग या बाकीच्यांच्या नादाला लागा, उलटं केलंत तर काही कळणार नाही आणि वर मला येऊन विचाराल.

आधी पुस्तक की आधी पिक्चर?

माझं मत जरा विचित्र आहे. पहिला भाग आधी बघा, मग वाचा. न्यू मूनपासून पुढे मात्र आधी वाचा. कारण पहिल्या पुस्तकात बेला पानंच्या पानं एडवर्ड किती देखणा आहे तेच सांगत बसते, संगमरवरी छाती काय आणि सोनेरी डोळे काय, आणि ते पिक्चरमध्ये दोन मिनिटांत उरकतं. पण न्यू मूनमध्ये एडवर्ड सोडून गेल्यावर मायरनं जे केलंय ते वाचायलाच पाहिजे: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एकेका पानावर फक्त महिन्याचं नाव आणि बाकी पान कोरं. बास. रडारड नाही, वर्णन नाही. अख्ख्या मालिकेतली सगळ्यात हुशार जागा हीच आणि ती लिहायला तिला चारच शब्द लागले. पिक्चरवाल्यांनी पण चांगलं निभावलंय, बेला खिडकीशी बसलेली, कॅमेरा तिच्याभोवती फिरतोय आणि खिडकीबाहेर ऋतू बदलतायत, पण कोऱ्या पानाची सर नाही.

पहिला पिक्चर सगळा निळा का दिसतो? माझा टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही ठीक आहे. पहिला भाग कॅथरीन हार्डविकनं केला, आणि तिनं मुद्दाम सगळ्याला निळी-हिरवी छटा दिली, गाव ओलं, गार, उजेड कमी. खर्च होता साधारण ३.७ कोटी डॉलर, हॉलिवूडच्या मानाने फार नाहीच. कमावले जगभरात ४० कोटी डॉलरच्या आसपास.

आणि मी हे सोसायटीत सगळ्यांशी भांडून सांगते की पाचही भागांत हाच सगळ्यात चांगला आहे, आणि चांगला आहे तो त्याच्या ओबडधोबडपणामुळेच. कॅमेरा हलतो, एडवर्ड झाडावर चढतो तेव्हा दोरी ओढल्यासारखं वाटतं, बायोलॉजीच्या तासाला बेला पंख्यासमोर येऊन उभी राहते आणि तिचा वास आल्यावर एडवर्ड उलटी दाबल्यासारखं तोंड करतो (मागे भुसा भरलेलं पांढरं घुबड आहे, त्याचे पंख बरोबर एडवर्डच्या खांद्यातून निघाल्यासारखे दिसतात, नसेल पाहिलं तर परत बघा). पण सोळा-सतराव्या वर्षी आवडत्या मुलासमोर असंच वेड्यासारखं होतं ना. सगळं खूप मोठं वाटतं आणि बाहेरून बघणाऱ्याला हसू येतं. हार्डविकला ते कळलं होतं. पैसा आला आणि न्यू मूनपासून ख्रिस वाइट्झ, डेव्हिड स्लेड, बिल कॉन्डन असे एकामागून एक दिग्दर्शक आले, पिक्चर गुळगुळीत झाले, लांडगे (बेलाचा मित्र जेकब आणि त्याच्या जमातीतली पोरं लांडगे होतात) मोठे झाले, आणि ते अवघडलेपण गेलं ते गेलंच. पटकथा मात्र पाचही भागांची मेलिसा रोझेनबर्गची आहे, त्यामुळे फरक कुठे पडला ते उघड आहे.

बेसबॉलचा सीन सगळ्यांना एवढा का आवडतो?

कारण तो निव्वळ मजा आहे. व्हॅम्पायर इतक्या जोरात बॉल मारतात की ढग गडगडल्यासारखा आवाज होतो, म्हणून ते फक्त गडगडाट चालू असतानाच खेळतात, म्हणजे गावाला कळत नाही. हे पुस्तकातलंच आहे. पिक्चरमध्ये त्याच्यावर म्यूझ बँडचं गाणं टाकलंय, आणि मायर या बँडची स्वतः फॅन. बस, टोप्या घातलेले व्हॅम्पायर, गाणं, पाय उंच उचलून बॉल टाकणारी एडवर्डची बहीण अ‍ॅलिस. याला अजून काय कारण पाहिजे.

व्हॅम्पायर उन्हात चमकतात?? हे काय आहे?

हो, चमकतात. मायरचे व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, हिऱ्याची पूड लावल्यासारखे लखलखतात, म्हणून ढगाळ गावात राहतात. यावरून जगाने इतकी वर्षं टर उडवली. मला कधी कळलंच नाही त्यात एवढं काय आहे, जो प्राणी मुळात नाहीच तो उन्हात जळला काय आणि चमकला काय. उलट या कल्पनेनंच सगळं सुरू झालंय, जून २००३ मध्ये मायरला स्वप्न पडलं, कुरणात एक साधी मुलगी आणि एक चमकणारा व्हॅम्पायर बोलत बसलेत, आणि तिनं ते लिहून काढलं. ते पुस्तकाचं तेरावं प्रकरण झालं.

आणि कलन मंडळी माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितात तर स्वतःला चक्क शाकाहारी म्हणवतात. आपण एकादशीला ताटभर साबुदाणा खिचडी हाणून उपवास आहे म्हणतो त्यातलाच प्रकार. डोळ्यांचा रंग लक्षात ठेवा: सोनेरी म्हणजे जनावरांवर जगणारा, लाल म्हणजे माणसांवर, काळा म्हणजे भुकेला, पळा.

एडवर्ड रोमँटिक आहे की डेंजर? खरं सांग.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी लांबलचकच देणार आहे.

लोकांनी या मालिकेची चेष्टा केली ती चमकण्याची, मेकअपची, पोरींच्या किंकाळ्यांची. पोरींना आवडतंय म्हणजे फालतूच असणार असा एक सूर असतो ना, तो. आणि या सगळ्या हशात जी गोष्ट खरंच तपासायला पाहिजे होती ती आरामात निसटली, आणि वर रोमँटिक म्हणून पोस्टरवर गेली.

बघा, एडवर्ड काय काय करतो. बेलाला न सांगता रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, एक दिवस नाही, रोजच. एक्लिप्समध्ये तिनं जेकबकडे जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्ट काढून ठेवतो. स्वतः शिकारीला जाताना अ‍ॅलिसला तिच्यावर पहारा ठेवायला लावतो आणि त्या बदल्यात बहिणीला पिवळी पोर्शे देतो. न्यू मूनमध्ये हिच्या भल्यासाठी म्हणून एकट्यानंच ठरवून निघून जातो आणि जाताना फोटो, सीडी, त्यानं दिलेलं सगळं गायब करतो, तिला कळूसुद्धा नये की हे खरंच घडलं होतं (फरशीखाली लपवलेलं असतं, ते नंतर कळतं). यातली एकेक गोष्ट कॉलेज रोडवरच्या एखाद्या पोरानं केली तर तुम्ही मैत्रिणीला काय सांगाल? ब्लॉक कर, घरी सांग, असंच ना? मग तो शंभर वर्षांचा आहे, पियानो वाजवतो आणि त्याच्याकडे व्होल्वो आहे म्हणून नियम बदलत नाहीत.

तरी मी एडवर्डला निव्वळ व्हिलन म्हणणार नाही. तो स्वतःला राक्षस समजतो, तिला सतत सांगतो की माझ्यापासून लांब राहा, लग्नाआधी काही नको म्हणून अडून बसणारा मुलगाच आहे इथे, आणि ट्रकच्या प्रकारानंतर तो बदलतोही, तिला स्वतः जेकबच्या हद्दीपर्यंत सोडायला जातो. अडचण अशी की पुस्तक हे सगळं बेलाच्या डोळ्यांनी दाखवतं आणि बेला ठार प्रेमात आहे, तिला सगळं काळजीच वाटते. वाचताना आवडलं तर आवडू दे, मलाही आवडलं होतं, अजूनही पावसात तो निळा पिक्चर लावते. फक्त आवडतंय म्हणून ते चांगलं वागणं होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी डोक्यात एकदम ठेवता आल्या म्हणजे झालं.

म्हणजे तू टीम जेकब?

अजिबात नाही. जेकब न्यू मूनमध्ये भारी आहे, गॅरेजमध्ये मोटरसायकली दुरुस्त करतो, बेलाला हसवतो, कोमट सोडा पितात, इतकी नॉर्मल मैत्री या मालिकेत परत दिसत नाही. पण एक्लिप्समध्ये तो तिला जबरदस्तीनं किस करतो, ती त्याला बुक्की मारते तर तिचाच हात मोडतो, आणि पुस्तकात तिचे वडील चार्ली जेकबलाच शाबासकी देतात! तिथे मी पुस्तक आपटलं होतं. नंतर तर हा म्हणतो की मी लढाईत मुद्दाम मरेन, आणि तिच्याकडून किस मिळवतो. म्हणजे एक पहारा ठेवतो आणि दुसरा धमकी देतो, आणि आम्ही तेव्हा यांच्यावरून वर्गात बाकं वाटून घेतलेली.

मी टीम चार्ली, त्या एका शाबासकीसकट. पिक्चरमधला चार्ली (बिली बर्क) तर फारच गोड. कमी बोलतो, मुलीला ट्रक घेऊन देतो, पहिल्यांदा एडवर्ड भेटायला येणार असतो तेव्हा बंदूक साफ करत बसतो. सोसायटीतल्या सगळ्या आयांना पण तोच आवडतो.

बेला इतकी बावळट का आहे?

बावळट नाहीये, हट्टी आहे. पहिल्या पुस्तकापासून तिला एकच पाहिजे, व्हॅम्पायर व्हायचं, आणि सगळे नको नको म्हणत असताना ती चौथ्यात होऊनच दाखवते. माझी तक्रार वेगळी आहे, तिला दुसरं काहीच नको असतं. मैत्रिणी नकोत, कॉलेज नको, बापासाठी रोज स्वयंपाक करते आणि उरलेल्या वेळात एडवर्ड. एडवर्डची दुसरी बहीण रोझलीचं बघा त्यापेक्षा, तिला माणूस म्हणून जगायचं होतं, मूल हवं होतं, ते तिच्याकडून हिसकावलं गेलं आणि बेलाला व्हॅम्पायर करायचं का यावर घरात मतदान होतं तेव्हा ती तोंडावर नाही म्हणते, माझ्या वेळी असं नको म्हणणारं कुणीतरी असायला हवं होतं म्हणून. पहिल्यांदा वाचताना ती खडूस वाटते. तिशीत वाचलं की तीच एकटी शहाणी वाटते.

जेकब आणि ते बाळ… म्हणजे खरंच??

खरंच. लांडगा झालेल्यांना जन्माचा जोडीदार दिसला की क्षणात तो ठसतो, आणि जेकबला तो ठसतो बेला-एडवर्डच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीत. मायर सांगते की आत्ता तो फक्त भावासारखा सांभाळेल, ती भराभर वाढणार आहे, सातव्या वर्षी पूर्ण मोठी होईल. मला नाही पटत, कितीही समजावलं तरी. बेलासाठी भांडणारा मुलगा उरला त्याचं काय करायचं हे सुचलं नाही म्हणून त्याला तिथे चिकटवलाय, सरळ आहे.

पिक्चरमधलं बाळ भयानक दिसतं कारण त्याचा चेहरा कॉम्प्युटरवर केलाय. त्याआधी यांत्रिक बाहुली बनवली होती, ती इतकी भीतीदायक निघाली की टाकून द्यावी लागली. त्या बाहुलीचे फोटो रात्री शोधू नका.

शेवटच्या लढाईत कार्लाइल मरतो तेव्हा मी रडले आणि मग कळलं की…

की ते घडलंच नाही, अ‍ॅलिसनं व्होल्टुरीच्या (व्हॅम्पायरांवर राज्य करणारी इटलीतली मंडळी) आरोला दाखवलेलं भविष्य होतं. हो, सगळेच रडलेत. पुस्तकात ही लढाई नाहीच, तिथे दोन्ही बाजू बर्फात उभ्या राहून चर्चा करतात आणि घरी जातात. ७५० पानांनंतर चर्चा! इथे पिक्चरनं पुस्तकाला सरळ हरवलंय. याच शेवटच्या भागाला वर्षातला सगळ्यात वाईट पिक्चर म्हणून रॅझी मिळाला होता, तरी ती दहा मिनिटं पैसा वसूल आहेत.

दोघांना अ‍ॅक्टिंग येत नाही म्हणतात, खरं आहे का?

क्रिस्टन स्ट्युअर्टला पुढे राजकुमारी डायनाच्या रोलसाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, रॉबर्ट पॅटिन्सन २०२२ मध्ये बॅटमॅन झाला. आता तुम्हीच ठरवा. टेलर लॉटनरचं पण सांगते, न्यू मूनसाठी त्याच्या जागी दुसरा धिप्पाड मुलगा घ्यायचं चाललं होतं, तर यानं काही महिन्यांत व्यायाम करून जवळजवळ १४ किलो वजन वाढवलं आणि रोल टिकवला.

फोर्क्स खरंच आहे का? आणि ते क्विल्यूट?

दोन्ही खरे. फोर्क्समध्ये मेन शूटिंग झालंच नाही, पहिल्या भागाचं बरंचसं शेजारच्या ओरेगन राज्यात झालं, पण फॅन अजून तिथे जातात आणि सप्टेंबरमध्ये, बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास, गावात ट्वायलाइटचा उत्सव भरतो. तसंच व्होल्टुरी राहतात ते इटलीतलं व्होल्टेरा खरं शहर आहे, पिक्चरमध्ये मात्र मोंतेपुल्चानो दाखवलंय.

क्विल्यूट, म्हणजे जेकबची जमात, ही फोर्क्सजवळ ला पुशला समुद्रकाठी राहणारी खरी आदिवासी जमात आहे. आपले पूर्वज लांडग्यांपासून झाले ही त्यांची जुनी कथा आहे, पण व्हॅम्पायरशी वैर, करार, हद्द वगैरे सगळं मायरनं जोडलेलं. आणि हे मला टोचतं. जगभरात लोकांना जेकबचे पोटाचे स्नायू पाठ झाले, पण खऱ्या जमातीचं गाव त्सुनामीच्या पट्ट्यात आहे आणि त्यांना शाळेपासून सगळं उंचावर हलवायला वर्षानुवर्षं झगडावं लागलंय, हे किती जणांना माहितीये?

नाशिकजवळ फोर्क्ससारखं कुठे वाटेल?

जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी, त्र्यंबक, अंजनेरीचा पायथा. फोर्क्सला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, इगतपुरीला पण तसाच, नाशिक शहरात त्याच्या पाव भागाइतकाच. फरक असा की आपला सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि त्यांचा हिवाळ्यात जास्त आणि एरवीही भुरभुर चालूच, म्हणून तिथली झाडं बारा महिने शेवाळलेली. पहिनेला रविवारी जाऊ नका, एवढ्या गर्दीत व्हॅम्पायर पण परत फिरेल.

(आई) माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, वाचू देऊ का? त्यात रक्तबिक्त आहे ना?

वहिनी, रक्ताचं टेन्शन घेऊ नका. आणि बाकीचं म्हणाल तर पहिल्या तीन पुस्तकांत किसच्या पुढे गाडी जात नाही. ब्रेकिंग डॉन जरा थांबवा, पंधरा-सोळाला द्या, त्यात हनिमूननंतर बेलाच्या अंगावर काळेनिळे डाग आहेत आणि ती उलट त्याचीच समजूत काढते, शिवाय ते बाळंतपण मोठ्यांनाही झेपत नाही. पण खरं बघायचं ते वर एडवर्डवाल्या प्रश्नात लिहिलंय. पुस्तक हिसकावून घेतलंत तर ती मोबाइलवर वाचेल आणि तुमच्याशी बोलणार नाही. तुम्हीपण वाचा, आणि ट्रकचा पार्ट काढतो तिथे सहज विचारा, हे तुला कसं वाटलं गं. बऱ्याच पोरी आपल्यापेक्षा पटकन ओळखतात.

(आई) ती मराठी मीडियमची आहे, इंग्रजी जमेल?

जमेल. मायरची भाषा सोपी, संवाद भरपूर, आणि तीच ती विशेषणं इतक्यांदा येतात की तिसऱ्या प्रकरणापर्यंत पाठ होतात. इंग्रजीत पहिलं जाडं पुस्तक संपवल्याचा जो माज येतो तो दहावीला कामाला येतो. विकत घेण्याआधी सावानात (सार्वजनिक वाचनालयात) विचारून बघा, नाहीतर जुनी पुस्तकं मिळतात तिथे, या मालिकेच्या इतक्या कोटी प्रती छापल्या गेल्यात की कुठे ना कुठे हाती लागतेच.

मिडनाइट सन घेऊ का?

पहिली गोष्ट तुम्हाला पाठ असेल तरच. याचा अर्धा कच्चा मसुदा २००८ मध्ये इंटरनेटवर फुटला, मायर वैतागून थांबली आणि पुस्तक यायला २०२० उजाडलं. एडवर्डच्या डोक्यात शिरल्यावर कळतं की तो बेलापेक्षाही जास्त रडका आहे. बायोलॉजीच्या पहिल्या तासाला तो अख्खा वर्ग कसा मारता येईल याचा हिशोब करत असतो, ते प्रकरण मात्र जबरदस्त.

ताई, तुझी पुस्तकं वाचायला देशील?

पहिलं आणि दुसरं देईन, नाव लिहून घेऊन. एक्लिप्स बी विंगमध्ये कुणाकडे तरी आहे, ज्या कुणाकडे असेल तिनं आणून द्या, रागावणार नाही. मिडनाइट सन घरीच बसून वाचायचं, ते मी बाहेर सोडत नाही.